भेट म्हणून बोन्साय देताना: नवख्याच्या हातात टिकेल असे झाड कसे निवडावे

निमंत्रणपत्रिकेवर ‘कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत’ ही ओळ छापली जाऊ लागली, त्यापाठोपाठ वास्तुशांत, सेवानिवृत्ती, एकसष्टी अशा प्रसंगी कुंडीतले रोप देण्याची पद्धत रुळली आणि आता त्या रोपांच्या जोडीला बोन्सायही येऊन बसले आहे. चकचकीत कुंडी, वळणदार खोड, मातीवर पांढरे गोटे आणि सोबत ‘देखभाल अगदी सोपी’ अशी चिठ्ठी, असा त्याचा थाट असतो. घेणाऱ्याला ते आवडते, दिवाणखान्यातल्या टीव्हीशेजारी त्याला मानाची जागा मिळते आणि महिना-दोन महिन्यांत पाने गळू लागतात. पुष्पगुच्छ चार दिवसांत सुकला तर कोणाच्याही मनाला लागत नाही. झाड सुकले की मात्र घेणारा स्वतःला दोष देत राहतो आणि पाहुणे पुन्हा घरी येण्याच्या आत रिकामी कुंडी लपवतो.

हा दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. झाड निवडताना देणाऱ्याने खोडाचे वळण पाहिलेले असते, पण ते झाड ज्या घरात जाणार त्या घराची खिडकी पाहिलेली नसते. सोपे बोन्साय कोणते, हे झाडाच्या जातीवर जितके अवलंबून आहे तितकेच त्या खिडकीवर आणि पाणी घालणाऱ्या माणसाच्या सवयीवर अवलंबून आहे.

बोन्साय म्हणजे खुजी जात नव्हे

बोन्सायसाठी वेगळे बी नसते. ‘बोन्सायच्या बिया’ म्हणून जी पाकिटे विकली जातात, त्यांत साध्या झाडांच्याच बिया असतात आणि त्या जमिनीत पेरल्या तर पूर्ण उंचीचा वृक्ष होतो. त्या बियांपासून पाहण्याजोगे बोन्साय तयार व्हायला बरीच वर्षे जातात, म्हणून असे पाकीट नवख्याला भेट देणे म्हणजे त्याच्या हाती एक दीर्घ प्रतीक्षा सोपवणे होय.

झाड लहान राहते ते दोन उपायांनी. पहिला उपाय म्हणजे मुळांना मर्यादित जागा देणे आणि दर काही वर्षांनी ती छाटणे. दुसरा म्हणजे शेंडे खुडणे. फांदीच्या टोकाची कळी ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि त्यामुळे खालच्या कळ्या दबून राहतात. टोक खुडले की तो दाब हटतो, खालच्या कळ्या फुटतात आणि उंच जाण्याऐवजी झाड दाट होते. असे वर्षानुवर्षे केल्याने पानेही लहान होत जातात. फुले आणि फळे मात्र लहान होत नाहीत, त्यामुळे वीतभर डाळिंबाच्या झाडाला लागलेले डाळिंब फांदीला पेलवत नाही.

यावरून भेट देणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोन्साय ही पूर्ण झालेली वस्तू नाही. शेंडे खुडणे थांबले की काही महिन्यांत तो आकार विस्कटतो, आणि ज्याला हे काम कधीच करायचे नाही त्याच्यासाठी मनीप्लांट अधिक योग्य आहे.

उथळ कुंडीतल्या पाण्याचे कोडे

नवख्याच्या हातून बोन्साय मरते ते प्रामुख्याने पाण्यामुळे, आणि त्यातही जास्त पाण्यामुळे. छिद्रे असलेल्या उथळ कुंडीत पाणी साचेल कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर भांडी घासायच्या साध्या स्पंजाने मिळते. आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून तळहातावर आडवा धरावा. थोड्या वेळाने त्यातून पाणी ठिबकायचे थांबते. मग तोच स्पंज उभा करावा, आणि न पिळताही त्यातून पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच आणि त्यातली छिद्रेही तीच असतात, फक्त उंची वाढल्यामुळे जास्त पाणी खाली उतरते. मातीचेही असेच आहे. प्रत्येक कुंडीच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर उरतोच आणि त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. फूटभर खोल कुंडीत तो तळाला पडून राहतो आणि वरची बरीच मुळे मोकळी राहतात. दोन इंची ताटलीत मात्र तोच थर जवळजवळ सगळ्या मुळांना वेढून टाकतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

म्हणूनच बोन्सायची माती साध्या कुंडीच्या मातीपेक्षा भरड ठेवतात. आपल्याकडे विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाड वाळू, थोडे कोकोपीट आणि गांडूळखत असे मिश्रण सर्रास वापरले जाते. शेतातली काळी माती यासाठी अगदी निरुपयोगी, कारण ती भिजली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते.

भरड मातीमुळे उलटी अडचणही येते. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडच्या गच्चीवर अशी ताटली एका दुपारीत कोरडी पडू शकते. त्यामुळे ‘दिवसाआड एक पेला पाणी’ असा नियम सांगणे धोक्याचे आहे. बोट पेरभर मातीत घालून पाहावे, ओल लागली तर थांबावे आणि कोरडे लागले तर तळाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे. नियम इतकाच आहे, पण तो रोज पाळायचा असतो.

घरातला उजेड डोळ्यांना फसवतो

टीव्हीशेजारची जागा आपल्याला उजळ वाटते, कारण आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात. पान तसे करू शकत नाही. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात ते सुमारे १ लाखापर्यंत जाते, तर दिवे लावलेल्या कार्यालयात ३०० ते ५०० च्या आसपास असते. खिडकीपासून चार-पाच फूट आत गेले की उजेड झपाट्याने घटतो. ‘इनडोअर बोन्साय’ हा शब्द दुकानदारांच्या सोयीचा आहे. घरात राहू शकणारी झाडे असतात, पण तीही खिडकीला खेटूनच.

देणाऱ्याने म्हणूनच आधी हळूच विचारून घ्यावे: खिडकीच्या ग्रिलमध्ये, बाल्कनीत किंवा गच्चीवर थेट ऊन येते का, आणि किती वेळ? पूर्वेकडची बाल्कनी असेल तर बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. समोरच्या इमारतीने आडवलेली, दिवसभर सावलीत असणारी खिडकी असेल तर बोन्सायचा बेत सोडून द्यावा.

पहिली पसंती: जेड

महाराष्ट्रातल्या नवख्या माणसासाठी एकच झाड सुचवायचे झाले तर मी जेड सुचवीन. नर्सरीत या नावाने दोन वेगळी झाडे विकली जातात. एकाची पाने करंगळीच्या नखाएवढी आणि खोड तांबूस असते. त्याचे शास्त्रीय नाव पोर्टुलाकारिया आफ्रा. दुसऱ्याची पाने अंगठ्याएवढी, जाड आणि चकचकीत असतात. तो क्रॅसुला ओव्हाटा. बोन्सायसाठी लहान पानांचा पहिला प्रकार घ्यावा, कारण तो लवकर फांद्या फोडतो आणि छोट्या आकारातही वृक्षासारखा दिसतो. क्रॅसुला कुत्र्या-मांजरांना बाधतो, पोर्टुलाकारिया बाधत नाही. त्याच्या मूळ प्रदेशात, दक्षिण आफ्रिकेत, तर तो हत्तींचे खाद्य आहे.

त्याची खरी ताकद पानांत आहे. पानांत आणि खोडात तो पाणी साठवून ठेवतो. शिवाय टंचाईच्या काळात तो आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून रात्री उघडतो, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. विसरभोळ्या माणसाशी त्याचे छान जमते.

जेड बोलतोही स्पष्ट. एक पान चिमटीत धरून पाहावे. ते टणक आणि भरलेले असेल तर पाण्याची गरज नाही. ते पातळ आणि मऊ झाले असेल, त्यावर बारीक सुरकुत्या आल्या असतील, तर झाडाला तहान लागली आहे. पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांत पान पुन्हा फुगते. पिवळट पाने नुसत्या स्पर्शाने टपटप गळू लागली तर मात्र पाणी जास्त झाले आहे आणि ताबडतोब हात आखडता घ्यावा. खुडलेली फांदी दोन-चार दिवस सावलीत वाळू देऊन मातीत खोचली की तीही रुजते, त्यामुळे एका भेटीतून पुढे दोन-तीन झाडे होतात.

अटी दोनच. रोज तीन-चार तासांचे थेट ऊन हवे, नाहीतर फांद्या लांबुळक्या होऊन लोंबतात. आणि पावसाळ्यात झाड छपराखाली हवे. कोकणात आणि गोव्यात, जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे जून ते सप्टेंबर जेड उघड्यावर ठेवणे म्हणजे तो कुजवणेच होय.

पाणी घालण्याची हौस असेल तर फायकस

काही माणसांना झाडाला पाणी घातल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. त्यांच्या हातात जेड टिकणार नाही. त्यांच्यासाठी फायकस, म्हणजे वड-पिंपळ-उंबराच्या कुळातले झाड, घ्यावे. नर्सरीत लाँग आयलंड, पांडा, बेंजामिना अशा नावांनी हे प्रकार मिळतात; आपल्या रस्त्यांच्या कडेला दिसणारा नांद्रुकही याच गोतावळ्यातला. उष्ण-दमट हवा त्यांना मानवते, चुकीची छाटणी ते पचवतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर त्यांना पारंब्या सुटू शकतात. खिडकीजवळचा भरपूर पण सौम्य उजेडही त्यांना चालतो.

गाजरासारख्या फुगीर मुळांचे, मॉलमध्ये हमखास दिसणारे ‘जिनसेंग फायकस’ हे नांद्रुकाचेच रूप आहे. बियांपासून वाढवलेल्या रोपाची फुगलेली मुळे मातीच्या वर काढतात आणि बहुधा लहान पानांच्या जातीच्या फांद्यांचे वर कलम करतात. जाणकार त्याला नाक मुरडतात. मला ते तितकेसे देखणे वाटत नाही, पण ते चिवट आहे यात शंका नाही आणि पहिल्या झाडात चिवटपणाच पाहावा.

फायकस देताना एक गोष्ट सांगून ठेवलीच पाहिजे. जागा बदलली की तो पाने गाळतो. नर्सरीच्या उन्हातून खोलीत आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बरीच पाने पिवळी पडून गळू शकतात, आणि घाबरलेला मालक नेमके तेव्हाच पाणी वाढवतो. झाड नव्या उजेडाशी जुळवून घेत असते. त्याला एका जागी ठेवून नेहमीइतकेच पाणी दिले तर नवी पालवी येते. पुढची छाटणीही अवघड नाही: नव्या फांदीला सहा-आठ पाने आली की दोन-तीन ठेवून बाकीची कापावी. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपावा आणि त्वचेला लागू देऊ नये.

वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणणे ज्यांना पटत नाही, त्यांना कुंडीतला वड देणे ही कल्पनाही चांगली आहे. त्याची पाने मोठी असल्याने छोट्या ताटलीत तो शोभत नाही, पण मध्यम आकाराच्या कुंडीत खोड जाड होऊ देत हळूहळू घडवता येतो.

देखणी, पण नवख्यासाठी नव्हेत अशी

बोन्साय म्हटल्यावर चित्रात दिसते ते बहुधा जुनिपर किंवा पाइन असते. ही समशीतोष्ण प्रदेशातली झाडे आहेत. त्यांना मोकळी हवा, भरपूर ऊन आणि थंडीतली विश्रांती लागते. बंद खोलीत ती मरतातच. शिवाय मुळे मेल्यानंतरही जुनिपर कित्येक आठवडे हिरवागार दिसतो, त्यामुळे चूक कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. इतकेच काय, काही वेळा विकत घेतानाच तो मेलेला असू शकतो.

अडेनियमची गोष्ट निराळी आहे. त्याचे फुगीर खोड आणि गुलाबी फुले मोहक असतात, गच्चीवरच्या कडक उन्हात तो आनंदाने राहतो आणि तहान सोसतो. पण त्याचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. घरात रांगते मूल किंवा कुरतडणारे कुत्रे असेल तर तो देऊ नये. थंडीत तो पाने गाळतो, हेही आधी सांगावे लागते. कार्मोना, म्हणजे ‘चायनीज टी’, पाण्याच्या बाबतीत फार लहरी आहे. बोगनवेलीला पाच-सहा तास ऊन आणि काट्यांची सवय असलेला माळी हवा. ‘लकी बांबू’ तर बोन्सायही नाही आणि बांबूही नाही. ती ड्रासेना नावाची वेगळीच वनस्पती आहे.

नर्सरीत कुंडी हातात घेतल्यावर

सर्वांत आधी कुंडी वर उचलून तळ पाहावा. छिद्र नसेल तर झाड कितीही सुंदर असले तरी परत ठेवावे. मग मातीवरचे गोटे बोटाने हलवून पाहावेत. स्वस्त बोन्सायमध्ये ते डिंकाने चिकटवलेले असतात, त्यामुळे पाणी वरून वाहून जाते आणि ओलही तपासता येत नाही. खोड बुंध्याशी धरून अगदी हलकेच हलवावे. ते सैल डुलत असेल तर मुळे धरलेली नाहीत, म्हणजे फांदी नुकतीच खोचलेली असू शकते. फांद्यांना आकार देण्यासाठी गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सालीत रुतली असेल तर तो व्रण वर्षानुवर्षे जात नाही.

बुंध्याशी मुळे चहूबाजूंना पसरलेली दिसली तर ते झाड चांगले समजावे. पसरलेल्या मुळांच्या या घेराला बोन्सायवाले नेबारी म्हणतात. विक्रेत्याने सांगितलेल्या वयावर फार भिस्त ठेवू नये, कारण जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढवलेले खोड थोड्या वर्षांतही जाड होते.

झाडावर हा अन्याय नाही का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि भेट घेणाऱ्याच्या घरात कोणीतरी तो काढतेच. झाडांना वेदना जाणवणारी मज्जासंस्था नसते. शिवाय छाटणी ही शेतीतली नित्याची गोष्ट आहे: नाशिकचा बागायतदार द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो, आणि त्याला कोणी क्रूर म्हणत नाही. मुळांची छाटणी योग्य वेळी केली तर नवी बारीक मुळे फुटतात आणि झाड ताजेतवाने होते.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे, जे १६२५ पासून घडवले जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते हिरोशिमात, अणुबॉम्ब पडला तिथून सुमारे ३ किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या आवारातल्या भिंतीआड होते आणि वाचले. १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिली, त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. त्याचा हिरोशिमाचा इतिहास मात्र त्यांचे नातू २००१ मध्ये ते पाहायला गेले तेव्हा तिथल्या लोकांना कळला. सतत छळले गेलेले झाड चारशे वर्षे जगणार नाही. अन्याय होतो तो पाणी विसरण्यात आणि तार रुतू देण्यात.

वास्तुशास्त्रात बोन्साय अशुभ मानतात, त्याचे काय?

घरात बोन्साय ठेवल्याने प्रगती खुंटते, असे मानणारी घरे आहेत, आणि वड-पिंपळ अंगणात लावू नये हा समज तर त्याहून जुना आहे. या दुसऱ्या समजाला व्यवहाराचा आधार आहे, कारण या झाडांची मुळे भिंती आणि पाया फोडतात. ताटलीतल्या झाडाकडून तसा धोका नसतो. पहिल्या समजाला असा आधार मला दिसत नाही. तरीही भेट ही वाद जिंकण्याची जागा नव्हे. नव्या सुनेला दिलेल्या झाडावरून सासूबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकणार असेल तर त्या घरी दुसरे काहीतरी न्यावे. ज्यांना वड-पिंपळाच्या कुळाचेच वावडे आहे, बोन्सायचे नाही, त्यांना जेड चालतो.

सुट्टीत गावी गेल्यावर झाड कोण सांभाळणार?

गणपतीत कोकणात जाणाऱ्या मुंबईकराला फारशी चिंता नको, कारण भाद्रपदात हवेत दमटपणा असतो. अडचण मे महिन्याची. जेड दोन आठवडे सावलीत, पाण्याविना आरामात राहतो. फायकसची कुंडी ओल्या वाळूने भरलेल्या पसरट घमेल्यात थोडी रुतवून, उन्हापासून दूर ठेवली तर चार-पाच दिवस निभावतात. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना किल्ली द्यावी. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी इथून मातीसकट झाड नेण्याचा विचार मात्र करू नये, अमेरिकेसारखे देश विमानतळावरच ते काढून घेतात. तिथल्याच नर्सरीतून मागवून द्यावे.

भेटीसोबत काय द्यावे

झाडाबरोबर एक छोटी धारदार कात्री आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत झाडाचे खरे नाव, कोणत्या खिडकीत ठेवावे, बोटाने ओल कशी पाहावी, पहिल्या महिन्यात पाने गळतील का, आणि पावसाळ्यात आत घ्यावे की बाहेर, एवढे लिहिले तरी पुरे. कुंडी शेवटची कधी बदलली हे नर्सरीवाल्याला विचारून तेही लिहावे, कारण फायकसची मुळे साधारण दोन-तीन वर्षांनी कुंडी भरून टाकतात. ती वेळ आली की उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा पावसाच्या तोंडावर झाड उपसून एक तृतीयांश मुळे कापावी लागतात आणि ताजे भरड मिश्रण घालावे लागते. जेडच्या बाबतीत यानंतर आठवडाभर पाणी देत नाहीत, म्हणजे कापलेल्या मुळांच्या जखमा सुकतात. नवख्याला हे पहिल्यांदा एकट्याने करायला भीती वाटते. देणाऱ्याने त्या दिवशी स्वतः जाऊन मदत करण्याचे कबूल करावे आणि तेही चिठ्ठीत लिहून टाकावे.